वाद, परिषद आणि पिपाणी : दूरचित्रवाणीवरील राजकीय चर्चेचा श्रोत्यांच्या बाजूने विचार

दूरचित्रवाणीवरील राजकीय चर्चांविषयी आपल्या विद्वत्वर्तुळात एक मत जवळजवळ निर्णीत झाल्यासारखे आहे. ते असे की, या चर्चा म्हणजे निव्वळ गलका होय. तीत विचाराचा अंश नाही, भाषेचे सौष्ठव नाही, आणि म्हणून अभ्यासकाने तिच्याकडे पाठ फिरविणे हेच श्रेयस्कर. प्रस्तुत लेखकाचेही मत काही वर्षांपूर्वीपर्यंत याहून फारसे निराळे नव्हते. आजही गलक्याविषयीची तक्रार त्यास खोटी वाटत नाही. परंतु ती तक्रार करताना आपण चर्चेचा अर्धाच भाग तपासतो, आणि तोही कमी महत्त्वाचा, असे त्यास आता वाटू लागले आहे. दुसरा अर्धा भाग पडद्यावर नसतो. तो पडद्यासमोर बसलेल्या माणसांत असतो. त्या भागाची परीक्षा करण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

निमित्त साध्या बैठकीचे आहे. लोकसभा निवडणुकीच्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे ५ जून २०२४ रोजी रात्री, साताऱ्यात एका स्नेह्यांच्या घरी आम्ही पाच जण वृत्तवाहिनीवरील चर्चा पाहत बसलो होतो. यजमान साताऱ्याचे, एक मित्र वाईचे, व्यवसायाने वकील, एक तासगावचे, महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकविणारे, एक जतचे, घरात कन्नड व बाजारात मराठी बोलणारे, आणि पाचवा मी. यजमानांच्या वृद्ध मातोश्री, ज्यांना आम्ही सर्वच आक्का म्हणतो, आत-बाहेर करीत होत्या. सातारा व सांगली हे दोन जिल्हे १९४९ पर्यंत एकच होते. पुढे उत्तर व दक्षिण सातारा असे भाग झाले आणि १९६० साली दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे या मंडळीच्या बोलीत फरक थोडा आणि राजकारणात मात्र पुष्कळ. वाहिनीचे व चर्चेत भाग घेणाऱ्यांचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही, कारण येथे सांगावयाचे ते कोणत्याही वाहिनीस कमीअधिक लागू पडेल.

आपल्याकडे वादाचे शास्त्र पुरातन आहे. न्यायसूत्रांनी कथेचे तीन प्रकार मानले: तत्त्वनिर्णयासाठी तो वाद, जयासाठी तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ परपक्षाचे खंडन करणे ती वितंडा. आजच्या चर्चांना वितंडा म्हणून निकालात काढणे सोपे आहे, आणि आपले टीकाकार बहुधा तेथेच थांबतात. परंतु पाचव्या अध्यायात जी बावीस निग्रहस्थाने, म्हणजे पराभवाची कारणे, दिली आहेत ती बारकाईने वाचली असता निराळीच गोष्ट ध्यानात येते. प्रतिपक्षाने तीन वेळा सांगितलेले व परिषदेस समजलेले वचन ज्यास पुन्हा मांडून दाखविता येत नाही, तो 'अननुभाषण' या कारणाने हरतो. उलट, तीन वेळा सांगूनही जे परिषदेस व प्रतिपक्षास कळत नाही ते 'अविज्ञातार्थ', आणि तेथे सांगणारा हरतो. दोन्ही ठिकाणी मोजमाप परिषदेचे, म्हणजे ऐकणाऱ्यांचे आहे. श्रोता हा वादाचा बाहेरचा साक्षी नसून वादाच्या व्याख्येतच त्यास स्थान आहे. दूरचित्रवाणीने नेमके हेच केले की वादी आणि प्रतिवादी स्टुडिओत ठेवले, आणि परिषद मात्र उचलून लाखो घरांतून विखरून टाकली. स्टुडिओत परिषद नाही, म्हणून तेथे कोणी हरत नाही. (कामाचे निमित्त सांगून कथा मध्येच तोडणे हे 'विक्षेप' नावाचे निग्रहस्थान आहे. जाहिरातींसाठी दर दहा मिनिटांनी विश्रांती घेणाऱ्या सूत्रसंचालकास ते लावले, तर सर्वांत आधी तोच हरेल.)

'सूत्रसंचालक' हा शब्दही सूचक आहे. सांगली येथे १८४३ साली विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. त्या परंपरेतील नाटकात सूत्रधार आरंभी येऊन निघून जात नसे. तो शेवटपर्यंत रंगभूमीवर राही, पदे तोच म्हणे, आणि पात्रे त्या पदांच्या अनुरोधाने आपली भाषणे आयत्या वेळी रचून बोलत. राक्षसपार्टी येई ती आरडाओरडा करीतच. त्यावरून त्या नाटकांना 'अलल्डुर्र' असे थट्टेचे नाव पडले. आजच्या चर्चेची रचना पाहिली तर ती वादसभेपेक्षा या नाटकाला जवळची आहे. कथानक संचालकाने आधी गाऊन ठेवलेले असते. प्रत्येक पक्षाचा प्रवक्ता नेमलेल्या सोंगात येतो, आणि भाषण मात्र आयत्या वेळचे. हे मी उपहासाने म्हणत नाही. भाव्यांचे प्रेक्षक राक्षसाकडून युक्तिवादाची अपेक्षा करीत नव्हते. आपण मात्र नाटक पाहतो आणि वादाच्या कसोटीने त्यास नापास करतो.

आता भाषेच्या अंगाने पाहू. सॅक्स, शेग्लॉफ व जेफरसन यांनी १९७४ साली संभाषणातील पाळीच्या व्यवस्थेविषयी जो प्रसिद्ध लेख लिहिला, त्यातील मुख्य प्रतिपादन असे की, बोलणाऱ्याचे वाक्य जेथे पुरे होण्याचा संभव असतो तेथे ऐकणारा पाळी घेतो, आणि दोघे एकदम बोलण्याचे प्रसंग घडतात खरे, पण ते क्षणिक असतात. हे निरीक्षण इंग्रजी संभाषणावर आधारलेले आहे. इंग्रजीत नकार क्रियापदाच्या आसपास, म्हणजे वाक्याच्या पहिल्या अर्ध्यातच, प्रकट होतो. त्यामुळे वाक्य मध्येच तोडले तरी होकार की नकार हे बहुधा कळून चुकलेले असते. मराठीची गोष्ट निराळी आहे. मराठीत क्रियापद शेवटी आणि नकार त्याहूनही शेवटी. 'आम्ही त्या वेळी त्या ठरावाला पाठिंबा दिलेला' येथे वाक्य तुटले, तर पुढे 'होता' येणार होते की 'नव्हता', हे ऐकणाऱ्यास कळण्याचा मार्गच उरत नाही. स्टुडिओत प्रतिपक्षी नेमका याच ठिकाणी शिरतो, आणि आपल्या सोयीचे क्रियापद गृहीत धरून उत्तर देऊ लागतो. मग 'मला बोलू द्या', 'एक मिनिट, एक मिनिट', 'तुम्ही बोलत होता तेव्हा मी मध्ये बोललो नाही' यांची झड लागते. यातील 'एक मिनिट' हे कालवाचक राहिलेले नाही. ते आता पाळी मागण्याचे अव्यय झाले आहे असे म्हणावयास हरकत नाही. मध्येच बोलणे सर्वच भाषांत अशिष्ट. पण मराठीत ते अशिष्टपणाच्या पलीकडे जाते, कारण त्याने विधानाचा ध्रुवच हरवतो.

हरवलेले क्रियापद कोण आणून देते? त्या रात्री आमच्या बैठकीत ते जतच्या मित्रांनी दिले. पडद्यावर दोघे एकदम ओरडत असता ते शांतपणे म्हणाले, "नव्हता म्हणतोय त्यो. दिला नव्हता, असं." मग तासगावकरांनी विचारले, "मग ह्यो कशाचं उत्तर देतोय?" हा संवाद क्षुल्लक दिसतो, पण स्टुडिओत तासभर जे घडले नाही ते यात घडले आहे: प्रतिपक्षाचे वचन पुन्हा मांडले गेले. न्यायशास्त्रात यास अनुवाद म्हणतात. पुनरुक्ती हा दोष, परंतु अनुवाद हा दोष नव्हे, कारण तो सप्रयोजन असतो, असा भेद सूत्रकारांनी मुद्दाम केला आहे. स्टुडिओत पुनरुक्ती विपुल आणि अनुवाद मुळीच नाही. घरात याच्या उलट. माझे म्हणणे या एका भेदात बरेचसे सामावते.

हा भेद किती दूर नेतो ते त्या रात्रीच्या मुख्य विषयावरून दिसेल. सातारा मतदारसंघात भारतीय जनता पक्षाचे उदयनराजे भोसले यांनी राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष (शरदचंद्र पवार) याचे उमेदवार शशिकांत शिंदे यांचा ३२,७७१ मतांनी पराभव केला होता. शिंदे यांचे चिन्ह 'तुतारी वाजविणारा माणूस'. हे चिन्ह पक्षास फेब्रुवारी २०२४ मध्येच मिळालेले, म्हणजे ७ मे रोजी झालेल्या मतदानापूर्वी अवघे अडीच महिने. त्याच मतदारसंघात संजय गाडे या अपक्ष उमेदवाराचे चिन्ह 'ट्रम्पेट' हे होते, आणि चिन्हांच्या मराठी यादीत त्या ट्रम्पेटचेही नाव 'तुतारी' असेच दिले गेले होते. पक्षाने त्यावर मतदानापूर्वीच हरकत घेतली होती. या अपक्षास ३७,०६२ मते मिळाली. पराभवाच्या अंतराहून ही संख्या मोठी; तेव्हा चर्चा याच एका वजाबाकीभोवती फिरत राहिली. एका बाजूचे म्हणणे, मतदार फसला. दुसऱ्या बाजूचे, हरलेल्यांना सबब हवी. तासभर हीच दोन वाक्ये उलटसुलट ऐकू आली.

आमच्या बैठकीत पहिला प्रश्न संख्याशास्त्राच्या मित्रांनी काढला. ते म्हणाले, अंतरापेक्षा संख्या मोठी एवढ्याने काही सिद्ध होत नाही. निकाल फिरण्यास त्या ३७,०६२ पैकी किमान ३२,७७२ मते चुकून पडलेली आणि ती सर्व शिंदे यांचीच असावी लागतील, म्हणजे शंभरातील अठ्ठ्याऐंशीहून अधिक. वाईचे वकीलसाहेब शिंदे यांच्या बाजूचे. ते म्हणाले, ज्या उमेदवारास प्रचारात कोणी पाहिले नाही त्यास एवढी मते पडतात, तेव्हा शंभरातील अठ्ठ्याऐंशी हे प्रमाण अशक्य मुळीच नाही. आणि त्यांनी दिंडोरीचे उदाहरण दिले. तेथे याच चिन्हावरील अपक्षास एक लाखाहून अधिक मते पडली, तरी पवारांच्या पक्षाचे भास्कर भगरे निवडून आले. यावर तासगावकरांचे उत्तर असे की, दिंडोरीत अपक्षाचे आडनावही भगरेच होते. तेथे दोन कारणे एकवटली, साताऱ्यात एकच. हा वाद तेथे मिटला नाही, आणि माझ्या मते तो केवळ आकड्यांनी मिटणाराही नाही. पण कोणते प्रमाण सिद्ध करावे लागेल हे तरी निश्चित झाले. स्टुडिओत तितकेही झाले नव्हते.

यानंतर जे घडले ते सांगताना लेखकास संकोच वाटतो, तथापि विषयाच्या दृष्टीने ते टाळता येत नाही. पडद्यावर मतदारांच्या अडाणीपणाविषयी बोलणे चालू होते. वकीलसाहेबांनी तोच धागा उचलून खेड्यातील म्हाताऱ्या माणसांना दोन वाद्यांतील फरक काय कळणार, अशा अर्थाचे काहीतरी म्हटले. आक्का त्या वेळी दाराशी उभ्या होत्या. त्यांना सही करण्यापुरतेच अक्षरज्ञान आहे. त्या काहीतरी म्हणाल्या. मी त्या क्षणी कोण कोणाच्या वाक्यात कोठे शिरतो याच्या खुणा कागदावर करण्यात गुंतलो होतो, त्यामुळे ते ऐकले नाही. वकीलसाहेबांनी ऐकले असल्यास उत्तर दिले नाही. तासगावकरांनी आवाज कमी केला आणि "आक्का, काय म्हनालासा?" असे विचारले. तेव्हा त्या म्हणाल्या, "ती तुतारी न्हवं. ती पिपानी. तुतारी वाकडी असती. जत्रंत पोरं वाजिवत्यात ती पिपानी. कागदावर तुतारी कुणी लिवलं त्येला इचारा की."

या चार-पाच वाक्यांत त्या रात्रीच्या चर्चेतील सर्वांत नेमके विधान आहे असे मी समजतो. तुतारी हे लांब, वक्राकार वाद्य. लग्नाच्या वरातीत व मिरवणुकीत तिचे स्थान ठरलेले. मतपत्रिकेवरील ट्रम्पेट हे आखूड, सरळ, तोंडाशी रुंदावणारे. त्यास लोकांनी आपण होऊन 'पिपाणी' हे नाव दिले, आणि निवडणूक संपेपर्यंत वृत्तपत्रांनीही तेच उचलले. म्हणजे भाषिक समाजापाशी दोन वस्तूंसाठी दोन शब्द होते. यादीत मात्र दोन वस्तूंसाठी एकच शब्द आला. वाक्छलाचे प्राचीन उदाहरण 'नवकंबल' या शब्दाचे आहे. बोलणाऱ्यास नवी घोंगडी अभिप्रेत, आणि छल करणारा नऊ घोंगड्या कोठे आहेत म्हणून विचारतो. तेथे छल करणारा तरी कोणी माणूस असतो. येथे हेतू कोणाचा होता हे सांगण्याचे साधन माझ्यापाशी नाही आणि तसा आरोपही नाही. परंतु दोष भाषांतराचा होता, शब्द वापरणाऱ्या मतदाराचा नव्हता, एवढे भाषेचा अभ्यासक निःशंकपणे म्हणू शकतो. अनुवाद शब्दाचा जुना अर्थ पुन्हा सांगणे व आजचा अर्थ भाषांतर. त्या रात्री दोन्ही अर्थांनी प्रश्न अनुवादाचाच होता.

वकीलसाहेबांनी आक्कांचे म्हणणे ऐकून त्या अपवाद आहेत असे सांगितले. यजमानांना ते लागले. त्यानंतर आमच्या बैठका झाल्या, पण वकीलसाहेब क्वचितच येतात. तेव्हा घरातील चर्चा स्टुडिओतल्याहून सौम्य असते, असा निष्कर्ष कोणी काढू नये. उलट, स्टुडिओतील भांडण विश्रांतीबरोबर संपते आणि भांडणारे एकत्र चहा घेतात. घरातल्या भांडणाची किंमत खरी मोजावी लागते. वादास परिषद असणे म्हणजे बोलल्याचा परिणाम सोसणे, हेही त्यात येतेच.

जतच्या मित्रांनी त्याच रात्री, बरेच उशिरा, एक जुनी आठवण काढली. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकाचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जत तालुक्यातील चाळीस गावांवर दावा सांगण्याची भाषा केली, तेव्हा आठवडाभर वाहिन्यांवर सीमाप्रश्न गाजला. चर्चेतील पक्ष दोनच: महाराष्ट्र व कर्नाटक, मराठी व कन्नड. परंतु त्या गावांनी पूर्वी जे ठराव केले होते त्यांच्या मुळाशी पाण्याचा प्रश्न होता. म्हैसाळ योजनेचे पाणी पूर्व भागास मिळावे ही त्यांची मागणी. मित्र म्हणाले की, त्यांच्या गावी चावडीवर ज्या चर्चा पाहिल्या गेल्या, तेथे प्रत्येक वक्त्यानंतर कोणीतरी एकच प्रश्न विचारी: "पान्याचं काय म्हनला का त्यो?" येथेही मूळ पूर्वपक्ष परिषदेनेच जपून ठेवला होता, वादी-प्रतिवाद्यांनी तो केव्हाच टाकून दिला होता.

विरुद्ध बाजूचे एक उदाहरण मात्र मला छळते, आणि ते साताऱ्याचेच आहे. १८ ऑक्टोबर २०१९ रोजी लोकसभेच्या पोटनिवडणुकीच्या प्रचारात शरद पवार यांनी साताऱ्यात भर पावसात भाषण केले. पुढे श्रीनिवास पाटील ८७,७१७ मतांनी निवडून आले. त्या भाषणात पवारांनी उमेदवार निवडण्यात आपली चूक झाल्याची कबुली दिली होती, आणि राजकीय वक्तृत्वात अशी कबुली दुर्मिळ, म्हणून वक्तृत्वाच्या अभ्यासकास ती महत्त्वाची. पण आज कोणासही विचारावे. पाऊस आठवतो, कबुली फारच थोड्यांना आठवते. १९६० साली केनेडी व निक्सन यांचा वाद झाला, तेव्हापासून चित्र शब्दावर मात करते हे विधान वारंवार केले जाते, आणि नभोवाणीवर ऐकणाऱ्यांनी निक्सन यांना विजयी मानले या त्याच्या पुराव्याविषयी अभ्यासकांनी शंकाही घेतल्या आहेत. साताऱ्याच्या बाबतीत मला असे दिसते की, भाषणास अनुवाद मिळाला नाही, चित्रास मिळाला. लोक एकमेकांना पावसाचे वर्णन सांगत राहिले. परिषद शब्दच जपते असे नाही, हे यावरून मान्य करावे लागते, आणि माझ्या प्रतिपादनास ही मर्यादा आहे.

दुसरा आक्षेप विद्यार्थ्यांकडून येतो, आणि तो अधिक गंभीर आहे. त्यांचे म्हणणे असे की, पाच जणांनी एका खोलीत बसून चर्चा पाहणे आता उरले आहे कोठे? प्रत्येकाच्या हाती स्वतःचा मोबाइल. चर्चेतील अर्ध्या मिनिटाचा तुकडा तेवढा पाहिला जातो, आणि तोही आपल्याच मताचा. हे खरे आहे. अशा तुकड्यात तुटलेले वाक्य तुटलेलेच राहते. 'होता' की 'नव्हता' हे सांगणारा शेजारी नसतो. म्हणून आमच्या विभागात या वर्षी जे विद्यार्थी दूरचित्रवाणीच्या भाषेवर प्रबंधिका लिहीत आहेत, त्यांना मी वाहिनीच्या ध्वनिमुद्रणाबरोबर पाहणाऱ्यांचे ध्वनिमुद्रणही, अर्थात त्यांच्या संमतीने, करावयास सांगितले आहे. कराड, इस्लामपूर व विटा येथील तीन घरांत हे काम सुरू झाले आहे. पहिल्याच ध्वनिमुद्रणात असे आढळले की, तेथील आजोबा चर्चा चालू असता मोठ्याने क्रियापदे पुरी करीत होते, आणि घरातील कोणासही त्यात काही विशेष वाटत नव्हते.

आक्कांकडे मी पुन्हा गेलो होतो, वही घेऊन. तुतारी, शिंग, कर्णा व पिपाणी यांतील भेद त्यांनी एकेक करून सांगितले. शेवटी त्यांनी विचारले, "आता हे कागदावर लिवनार, मास्तर? मग नीट लिवा."